पगाराचा तक्ता ज्यांच्यासमोर उघडा असतो, त्यांना

प्रति,
अमेरिकेतील कंपन्यांमध्ये इतरांचे पगार ठरवणारे मराठी मॅनेजर, डायरेक्टर आणि एचआरमधील मंडळी

विषय : लेडबेटर कायदा आणि पगाराची गुप्तता

सप्रेम नमस्कार.

‘लेडबेटर’ हे आडनाव आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावरून गेलेले आहे. मॅनेजर झाल्यावर जी सक्तीची प्रशिक्षणे ऑनलाइन उरकावी लागतात, त्यांत ते येऊन जाते. एचआरच्या बैठकीत कोणी ‘इथे लेडबेटरचा प्रश्न येईल’ एवढे म्हटले की वकिलाला पुढचे काही सांगावे लागत नाही. ज्यांचे ते आडनाव, त्या लिली लेडबेटर 12 ऑक्टोबर 2024 रोजी वयाच्या 86व्या वर्षी वारल्या. कायद्याला त्यांचे नाव लागले, पण त्या कायद्यातून त्यांना स्वतःला एक डॉलरही मिळाला नाही. मी न्यू जर्सीत बरीच वर्षे वेतन-विश्लेषणाचे काम करते आणि त्या निमित्ताने आपल्यासारख्या अनेकांशी माझा संबंध येतो. लेडबेटर कायद्याने पगारातील भेदभावाच्या तक्रारीच्या मुदतीचा घोळ मिटवला. परंतु तक्रार करण्याआधी जे कळावे लागते, ते कळण्याची कोणतीही सोय त्याने केली नाही. ती सोय करणे आज बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे, आणि आपण ती करत नाही, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे.

आधी हकिगत, कारण प्रशिक्षणाच्या स्लाइडवर तिच्यातले नेमके महत्त्वाचे तपशील गळतात. अलाबामातल्या गॅड्सडेन येथे गुडइयर कंपनीचा टायरचा कारखाना होता. लेडबेटर तेथे 1979 मध्ये सुपरवायझर म्हणून लागल्या आणि 1998 मध्ये निवृत्त झाल्या. त्यातली बरीच वर्षे त्या ‘एरिया मॅनेजर’ या पदावर होत्या, आणि ते पद बहुतांशी पुरुषांकडेच असे. 1997 च्या अखेरीस त्या पदावर त्या एकट्या स्त्री होत्या व बाकीचे पंधराही जण पुरुष होते. त्यांचा पगार महिन्याला 3,727 डॉलर होता. त्या पंधरांपैकी ज्याला सर्वांत कमी मिळत असे त्याचा पगार 4,286 डॉलर होता आणि सर्वांत जास्त मिळणाऱ्याचा 5,236. आता जो तपशील सहसा सांगितला जात नाही तो असा, की सुरुवातीला त्यांचा पगार तेच काम करणाऱ्या पुरुषांच्या बरोबरीनेच होता. त्यांना कोणी एका दिवशी बोलावून ‘तू बाई आहेस, तुला कमी देतो’ असे सांगितले नव्हते. दरवर्षीच्या वेतनवाढीत त्या थोड्या थोड्या मागे पडत गेल्या, आणि जवळजवळ वीस वर्षांत त्या थोड्या-थोड्याची बेरीज महिन्याला किमान 559 डॉलर झाली.

हे त्यांना कळले ते नोकरीच्या अगदी शेवटी, कोणीतरी ठेवलेल्या एका निनावी चिठ्ठीमुळे. तिच्यावर त्यांचे स्वतःचे आणि तीन पुरुष सहकाऱ्यांचे पगार लिहिलेले होते. मार्च 1998 मध्ये त्यांनी समान रोजगार संधी आयोगाकडे धाव घेतली. खटला उभा राहिला तेव्हा कंपनीने तेच उत्तर दिले, जे आज आपणही देऊ : यांची कामगिरी कमी होती, म्हणून वाढ कमी मिळाली. ज्यूरीला ते पटले नाही. 1996 मध्ये याच बाईंना कंपनीने उत्तम कामगिरीचा पुरस्कार दिलेला होता, आणि त्यांच्या एका माजी वरिष्ठानेच साक्षीत कबूल केले की एका वर्षी त्यांचा पगार त्या पदासाठी कंपनीने स्वतः ठरवलेल्या किमान मर्यादेच्याही खाली गेला होता. ज्यूरीने तीस लाख डॉलरहून अधिक रक्कम मंजूर केली. कायद्यातील कमाल मर्यादेमुळे न्यायाधीशांनी ती 3,60,000 डॉलरवर आणली. आणि अपिलात तीही गेली.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 29 मे 2007 रोजी पाच विरुद्ध चार मतांनी लागला. 1964 च्या नागरी हक्क कायद्याप्रमाणे भेदभाव घडल्यापासून 180 दिवसांत (काही राज्यांत 300 दिवसांत) तक्रार करावी लागते. न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी बहुमताच्या वतीने लिहिले की भेदभाव घडतो तो पगार ठरवण्याच्या निर्णयात. पुढे दर महिन्याला हाती पडणारा कमी पगार हा त्या जुन्या निर्णयाचा केवळ परिणाम आहे, त्यामुळे मुदत नव्याने सुरू होत नाही. साध्या शब्दांत, 1980 च्या दशकातल्या एखाद्या अन्यायकारक वेतनवाढीची तक्रार लेडबेटर यांनी त्याच वर्षी, सहा महिन्यांच्या आत करायला हवी होती. मग ती वेतनवाढ इतरांच्या तुलनेत किती होती हे त्यांना ठाऊक असो वा नसो. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग तेव्हा त्या न्यायालयात एकट्याच स्त्री होत्या. त्यांनी आपले विरोधी मत नेहमीप्रमाणे नुसते दाखल न करता न्यायासनावरून वाचून दाखवले. इतरांचे पगार कर्मचाऱ्याच्या नजरेआड ठेवलेले असतात, पहिली तफावत लहान असते, आणि पुरुषांच्या खात्यात एकटी शिरलेली स्त्री एवढ्यावरून कलागत उभी करत नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, कायदा दुरुस्त करावा, असे त्यांनी त्यातच सुचवले.

तो दुरुस्त झाला. ‘लिली लेडबेटर फेअर पे ॲक्ट’वर बराक ओबामा यांनी 29 जानेवारी 2009 रोजी सही केली, राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनी सही केलेला तो पहिला कायदा. त्यानुसार भेदभाव असलेल्या पगाराचा प्रत्येक चेक हा नवा भंग ठरतो आणि प्रत्येक चेकपासून तक्रारीची मुदत पुन्हा सुरू होते. हे संरक्षण केवळ स्त्रियांपुरते नाही. वंश, धर्म, मूळ देश, वय आणि अपंगत्व या कारणांवरून पगारात होणारा भेदभावही त्यात येतो, म्हणजे आपण सगळेच येतो. मात्र मागील थकबाकी तक्रारीच्या आधीच्या दोन वर्षांपुरतीच मिळते. ज्या बाईचे वीस वर्षे नुकसान झाले तिच्या नावाच्या कायद्यात दोन वर्षांची भरपाई असावी, ही विसंगती माझ्या तरी डोक्यातून जात नाही. आमच्या न्यू जर्सीने 2018 मध्ये स्वतःचा वेगळा कायदा केला, त्यालाही एका स्त्रीचे, राज्याच्या माजी सिनेटर डायन ॲलन यांचे नाव आहे, आणि त्यात ही भरपाई सहा वर्षांपर्यंत मागे जाते.

परंतु दोन वर्षे असोत की सहा, दर चेकला मुदत नव्याने सुरू होण्याचा उपयोग ज्या बाईला आपला पगार कमी आहे हे कळले आहे तिलाच. गॅड्सडेनमध्ये ते चिठ्ठीने कळवले. आपल्या खात्यात चिठ्ठी कोण ठेवणार?

येथे आपल्याच बाबतीतली एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पगाराचा विषय निघाला की आपण ‘ही खासगी बाब आहे’ असे म्हणून मोकळे होतो. आपल्यापैकी कित्येक जण या देशात एच-1बी व्हिसावर आले. त्या व्हिसाच्या अर्जाआधी कंपनीला कामगार खात्याकडे एलसीए (लेबर कंडिशन ॲप्लिकेशन) हा अर्ज दाखल करावा लागतो. त्यात पद, कामाचे ठिकाण आणि देऊ केलेला पगार लिहिलेला असतो. त्याची नोटीस कामाच्या जागी दहा दिवस लावावी लागते. ब्रेकरूममध्ये, कॉफीच्या यंत्राशेजारी, किमान वेतनाच्या फलकाखाली टाचलेला तो कागद आपण सर्वांनी पाहिलेला आहे, आणि त्यावरचा आकडा आपलाच आहे हे ओळखून कानकोंडेही झालो आहोत. कंपनीला याशिवाय एक फाइल ठेवावी लागते, जी कोणालाही मागून पाहता येते, आणि तिच्यात त्याच कामासाठी तशाच पात्रतेच्या इतरांना काय दिले जाते व ते कसे ठरवले जाते, याचे स्पष्टीकरण असावे लागते. कामगार खाते हे सगळे आकडे, कर्मचाऱ्यांची नावे वगळून, दर तिमाहीला प्रसिद्ध करते. ऑफर हाती आल्यावर त्या आकड्यांत डोकावून ‘या कंपनीत या पदाला इथे काय देतात’ हे पाहिले नाही, असा एच-1बीवाला मला अजून भेटायचा आहे.

अर्थात या देशात ज्यांच्या पगाराभोवती सर्वांत जास्त उजेड आहे, अशा गटातून आपण वर आलो. त्या उजेडाचा आपल्याला फायदा झाला. मग ग्रीन कार्ड हाती येते, कागदपत्रे संपतात, आपला पगार कोठेही नोंदवावा लागत नाही, आणि त्याच सुमारास आपण मॅनेजर होतो. दुसऱ्याचा पगार ठरवण्याचा अधिकार आणि आपला पगार झाकण्याची सोय एकदमच मिळते, आणि पाहता पाहता आपण ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणू लागतो. (बाईला वय आणि पुरुषाला पगार विचारू नये, अशी आपल्याकडे रीत आहे. बाईलाही पगार असतो, हे ती रीत घालणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसावे.)

आता तक्त्याकडे येऊ. वेतनवाढीच्या हंगामात आपण ज्या बैठकीत बसतो तिला बहुतेक कंपन्यांत ‘कॅलिब्रेशन’ म्हणतात. स्क्रीनवर एक्सेल उघडलेले असते. नाव, लेव्हल, रुजू झाल्याची तारीख, मूळ पगार, वेतनश्रेणीच्या मध्याशी त्या पगाराचे गुणोत्तर, कामगिरीचा शेरा, आणि शेवटच्या रकान्यात आपण भरायचा टक्का. तळाशी बजेटचा आकडा असतो. तो लाल होऊ नये एवढीच सर्वांची धडपड. आणि मग वाक्ये येतात. ‘त्याच्याकडे दुसरी ऑफर आहे, त्याला धरून ठेवायला हवे.’ ‘ती कुठे जात नाही, मुलं याच शाळेत आहेत.’ ‘तिच्या नवऱ्याची नोकरी चांगली आहे.’ ‘तिने कधी काही मागितले नाही.’ यातले एकही वाक्य कोठे लिहिले जात नाही. त्यांचे रूपांतर अर्ध्या टक्क्यात होते आणि बैठक पुढच्या नावाकडे सरकते. गॅड्सडेनच्या कारखान्यात एका वरिष्ठाने लेडबेटर यांना ‘या कारखान्याला बायकांची गरज नाही’ असे तोंडावर सांगितल्याची साक्ष झाली होती. आपल्या बैठकीत असे कोणी बोलत नाही, बोलणारही नाही. आणि तरी तक्त्यातला आकडा तिकडेच सरकतो, कारण त्याला तेवढे बोलण्याची गरजच पडत नाही.

मध्याशी असलेल्या गुणोत्तराचा तो रकाना चढत्या क्रमाने लावून पाहा. एकाच लेव्हलवर, एकाच शेऱ्याचे दोघे जण असावेत, एकाचे गुणोत्तर 1.02 आणि एकीचे 0.86, तर प्रश्न विचारायलाच हवा. बहुतेक वेळा कारण असे निघते की तिला रुजू होतानाच कमी मिळाले होते, आणि त्यानंतर प्रत्येक वर्षी सर्वांना सारखाच टक्का मिळत गेला. सारखा टक्का म्हणजे समान वागणूक, असा आपला समज असतो. हिशेब करून पाहू. एकाचा मूळ पगार वर्षाला 1,00,000 डॉलर आणि दुसरीचा 90,000. दोघांना दरवर्षी 3 टक्के. दहा वाढींनंतर दहा हजारांची तफावत 13,400 डॉलरच्या पुढे गेलेली असते, आणि पहिल्या दहा वर्षांत तिच्या हातून गेलेली एकूण रक्कम 1,14,000 डॉलरहून अधिक असते. यात 401(के) या निवृत्तीसाठीच्या बचतखात्यात कंपनी भरते तो वाटा धरलेला नाही, आणि तोही पगाराच्या टक्क्यानेच पडतो. सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतनही नाही, जे सर्वाधिक कमाईच्या 35 वर्षांवरून काढतात. लेडबेटर यांचे निवृत्तीनंतरचे उत्पन्नही त्या कमी पगारावरूनच ठरले. ते त्यांना मरेपर्यंत पुरवून घ्यावे लागले.

आणि रुजू होतानाच कमी का मिळते, याचे उत्तर आपल्या समाजात शोधायला लांब जावे लागत नाही. एच-4 व्हिसावर, म्हणजे एच-1बीवाल्याची जोडीदार म्हणून आलेल्या, पुण्या-नागपुरात इंजिनियर किंवा सीए म्हणून काम केलेल्या कितीतरी जणींना या देशात वर्षानुवर्षे काम करण्याची परवानगीच नव्हती. मे 2015 पासून, ज्यांच्या जोडीदाराची ग्रीन कार्डाची याचिका मंजूर झालेली आहे अशांना ती मिळू लागली. अशी बाई सात-आठ वर्षांच्या खंडानंतर मुलाखतीला येते. तिला विचारतात, ‘आधीचा पगार किती होता?’ ती रुपयांतला जुना आकडा सांगते, समोरचा मनातल्या मनात त्याचे डॉलर करतो, आणि जो आकडा देऊ करतो तो ऐकून तिला आनंदच होतो. कॅलिफोर्नियात 2018 पासून आणि न्यू जर्सीत 2020 पासून आधीचा पगार विचारण्यास बंदी आहे. टेक्साससारख्या राज्यात खासगी कंपन्यांना ती नाही. बंदी असलेल्या राज्यांतही हा प्रश्न वळणे घेऊन येतो, विशेषतः विचारणारा आपल्याच गावचा असेल तर. ‘तिथे टीसीएसमध्ये होता ना, मग साधारण किती असेल,’ असे मराठीत विचारले म्हणून तो प्रश्न कायद्याबाहेर जात नाही. शिवाय त्या बाईच्या 35 वर्षांच्या हिशेबात ती घरी बसलेली वर्षे शून्य म्हणून धरली जाण्याचा धोका आहेच. त्यावर कमी पगाराची वर्षे चढवणे आपल्याला टाळता येते.

‘तिने मागितलेच नाही’ या वाक्यावर मला थोडे अधिक बोलायचे आहे, कारण ते मी सर्वांत जास्त ऐकते आणि ते म्हणणारे लोक स्वभावाने वाईट नसतात. मागण्यासाठी काय मागायचे ते ठाऊक असावे लागते. ज्याच्या कॉलेजचे चार मित्र त्याच लेव्हलवर आहेत त्याला आकडा क्रिकेटच्या मैदानावर कळतो. जी त्या गटात नाही तिला तो कळत नाही, मग ती मागते तेव्हाही आपल्याच जुन्या पगारावर दहा टक्के मागते, आणि आपण ते आनंदाने देतो, कारण स्वस्तात सुटलो. हा व्यवहार बाजारात चालतो. पण एका पदासाठी आपणच वेतनश्रेणी आखलेली असताना, तिच्या तळाशी बसलेल्या माणसाला ती श्रेणी न दाखवता ‘माग’ म्हणणे हा व्यवहार नव्हे. लेडबेटर तर त्यांच्या कंपनीच्या श्रेणीच्या तळाच्याही खाली गेल्या होत्या. ती श्रेणी त्यांना त्याच वर्षी दिसली असती तर चिठ्ठीची, ज्यूरीची आणि सर्वोच्च न्यायालयाची वेळ आली नसती.

दुसरा आक्षेप असतो तो मत्सराचा. पगार उघडे केले तर खात्यात भांडणे लागतील, असे म्हणतात. थोडीफार लागतीलही, ती आजही होतात, फक्त अंदाजावर होतात. शिवाय कोणाचा व्यक्तिगत पगार भिंतीवर लावावा, असे मी म्हणत नाही. एक मात्र आपण विसरतो : 1935 पासूनच्या राष्ट्रीय श्रमसंबंध कायद्याने खासगी कंपन्यांतल्या सामान्य कर्मचाऱ्यांना आपापसांत पगाराविषयी बोलण्याचा हक्क दिलेला आहे, आणि ‘पगाराची चर्चा करू नये’ असा नियम कंपनीने केला तर तोच बेकायदा ठरू शकतो. सुपरवायझर आणि मॅनेजर मात्र त्या संरक्षणाबाहेर आहेत. लेडबेटर बाहेर होत्या, आणि पुष्कळ राज्यांत आपणही बाहेर आहोत.

आपल्यापैकी अनेकांच्या हाताखाली पुण्यातही माणसे आहेत. हिंजवडीतल्या किंवा खराडीतल्या टीमची वाढ आपण एडिसनमध्ये वा डॅलसमध्ये बसून, रात्रीच्या कॉलवर ठरवतो. म्हणून तिकडचेही थोडे सांगते. मुंबईत मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डिकॉस्टा यांनी स्टेनोग्राफर म्हणून काम केले. मोठ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली नेमलेल्या स्त्री स्टेनोग्राफरना पुरुष स्टेनोग्राफरपेक्षा कमी पगार मिळे, आणि कंपनीचे म्हणणे असे की दोघांची कामे वेगळी, युनियनशी तसा करार झालेला, आणि जास्त देण्याची ऐपतही नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये यातले काहीही मान्य केले नाही. समान वेतनाचा कायदा मालकाच्या ऐपतीवर अवलंबून नाही, असे स्पष्ट केले. त्या निकालामागचा 1976 चा समान मोबदला कायदा आता 2019 च्या वेतन संहितेत विलीन झाला असून ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे, म्हणजे अमेरिकेच्या 180 दिवसांपेक्षा बरी. पण शेजारच्या खुर्चीचा पगार कळवण्याची सोय तिकडेही नाही. ‘बजेटच नाही’ हे वाक्य पुण्याच्या टीमविषयी बोलताना आपण किती सहज वापरतो, ते डिकॉस्टा यांच्या निकालासमोर ठेवून एकदा ऐकावे.

वॉशिंग्टनमधून मदत येईल अशी वाट पाहण्यात फारसा अर्थ नाही. पगाराची गुप्तता मोडू पाहणारे ‘पेचेक फेअरनेस’ विधेयक 1997 पासून काँग्रेसमध्ये पुन्हा पुन्हा मांडले गेले आणि कायदा झालेच नाही. राज्यांनी मात्र हात घातला आहे. कोलोरॅडोने 2021 पासून, कॅलिफोर्नियाने 2023 पासून आणि न्यू जर्सीने 1 जून 2025 पासून नोकरीच्या जाहिरातीत वेतनश्रेणी लिहिणे बंधनकारक केले. यातून एक विचित्र स्थिती मी गेले काही महिने पाहते आहे. बाहेरून येणाऱ्याला श्रेणी दिसते. आत दहा वर्षे काम केलेली बाई त्याच पदाची जाहिरात वाचून पहिल्यांदा जाणते की तिचा पगार श्रेणीच्या तळाला टेकलेला आहे. ती आपल्याकडे येऊन विचारते, आणि आपण म्हणतो, ‘एचआरशी बोलून सांगतो.’

तेव्हा माझी मागणी आहे ती अशी. यंदाच्या कॅलिब्रेशनच्या आधी, टक्के भरायला बसण्यापूर्वी, एकाच लेव्हलच्या लोकांचे मूळ पगार शेजारी शेजारी ठेवून पाहावेत आणि तफावतीचे कारण एका ओळीत लिहून काढावे. ‘मागितले नाही’, ‘कुठे जात नाही’ आणि ‘आधीचा पगार कमी होता’ ही तीन कारणे सोडून. एच-1बीच्या फाइलसाठी असले स्पष्टीकरण लिहिण्याची आपल्याला सवय आहे. तेच इतरांसाठी लिहायचे. लिहिता येण्यासारखे कारण सापडले नाही तर तफावत मूळ पगारात भरून काढावी, एकदाचा बोनस देऊन मिटवू नये, कारण बोनस पुढच्या वर्षीच्या टक्क्यात धरला जात नाही. आणि हे करण्यापूर्वी आपल्या कंपनीच्या वकिलाशी जरूर बोलावे, कारण एकाचा पगार कमी करून दोघांना समान करण्याची पळवाट 1963 च्या समान वेतन कायद्याने बंद केलेली आहे. आपल्या टीममधल्या प्रत्येकाला, न विचारता, त्याच्या पदाची श्रेणी आणि तो तिच्यात कोठे आहे हे सांगावे. राज्याचा कायदा सांगो वा न सांगो. मुलाखतीत आधीचा पगार विचारू नये, मराठीतही विचारू नये.

याने आपले बजेट थोडे फुगेल, हे मला ठाऊक आहे. मी तेच तक्ते बनवते, आणि तळाचा आकडा लाल झाला की माझ्याकडेच फोन येतो. तो यंदा यावा, अशी माझी इच्छा आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक मराठी वेतन-विश्लेषक, न्यू जर्सी